आधीं ‘माझें’, मग ‘आपलें’

दीड ते तीन वर्षांचीं दोन मुलें ज्या घरांत एकत्र वाढतात, त्या घरांत दिवसाकाठीं दोन-चार वेळां तरी खेळण्यावरून रणकंदन माजतें. एकाच्या हातीं लाकडी घोडा असतो. दुसऱ्यापुढें त्याहून सुंदर बाहुली पडलेली असते. तरी त्याला बाहुली नको, घोडाच हवा असतो. ओढाताण होते, केस धरले जातात, प्रसंगीं दंडावर दांतही उमटतात. आरडाओरडा ऐकून घरांतील वडील माणसें धांवत येतात आणि जो तो आपल्या परीनें न्याय देतो. आजोबा म्हणतात, “तो घोडा इकडे आणा, कोणालाच नको.” आजी म्हणते, “तो लहान आहे ना, दे बरें त्याला.” काकू विचारते, “पहिल्यानें घेतला होता कोणी?” आणि आई, विशेषतः चारचौघांत असली म्हणजे, शरमून आपल्याच मुलाच्या हातांतून घोडा ओढून काढते व जावेच्या मुलाच्या हातांत देते. भांडण मिटतें. एक मूल हंसतें, दुसरें रडत राहतें, आणि आज मुलाला वांटून घेण्याचा एक धडा मिळाला, असें सर्वांस वाटतें.

तो धडा वांटून घेण्याचा होता काय, एवढाच प्रश्न या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

मीरा रोडचें शांती नगर घ्या. मुंबईच्या उत्तरेस, दहिसर व भाईंदर यांच्या मधल्या या स्टेशनाच्या पूर्वेकडे १९८० नंतरच्या काळांत ही वसाहत वाढली. सेक्टर पाडून बांधलेल्या चार-चार मजली इमारती, त्यांच्यामध्यें अंगणासारख्या मोकळ्या जागा, आणि एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे शेजारी, असें तिचें रूप आहे. जुन्या वाड्याला ओसरी होती, माजघर होतें, मागें परसू होतें. मुलांच्या भांडणाला पसरावयास जागा होती. येथें एका बिऱ्हाडांत आजी-आजोबा, मुलगा-सून व नातवंड, आणि त्याच इमारतींत वरच्या मजल्यावर धाकट्या मुलाचें बिऱ्हाड, अशी कित्येक एकत्र कुटुंबांची मांडणी असते. चुली दोन, पण मुलें दिवसभर एकाच खोलींत.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत अशा घरांतून बोरन्हाणें होतात. मुलाला काळें झबलें घालतात, हलव्याचे दागिने चढवितात, पाटावर बसवून डोक्यावरून बोरें, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात, आणि जिन्यांतलीं सारीं पोरें तें वेंचावयास धांवतात. मग बायका हळदीकुंकवाला बसतात, मुलें आंतल्या खोलींत जातात, आणि पांच मिनिटांत उत्सवमूर्तीच भोंकाड पसरते. कारण तिच्या मोटारीवर शेजारचा मुलगा बसलेला असतो. “अहो, एवढा हट्टी नाहीं हो हा एरवीं,” असें म्हणत आई धांवते, आणि पुढें वर सांगितलेला प्रकार घडतो.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. याच मुलाच्या डोक्यावरचीं बोरें इतर मुलांनीं मूठमूठ भरून नेलीं, तेव्हां त्यानें ब्रही काढला नाहीं. मग मोटारीवरूनच एवढा आकांत कां?

बोरें पुष्कळ होतीं आणि वरून पडलीं तेव्हां तीं कोणाचींच नव्हतीं. मोटार एकच आहे, आणि ती ‘माझी’ आहे. हा ‘माझी’ शब्द दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडीं नुकताच आलेला असतो. वर्षाच्या बाळाला आरशापुढें धरिलें तर त्याला तेथें दुसरें एक बाळ दिसतें. पुढें दीड ते दोन वर्षांच्या सुमारास, नाकाला लागलेला कुंकवाचा ठिपका आरशांत पाहून तें आपल्याच नाकाला हात लावूं लागतें. ‘मी’ म्हणून कोणी एक आहे, हें त्याला तेव्हां उमगूं लागलेलें असतें. पण ‘मी’ हा डोळ्यांना पुरता दिसत नाहीं. ‘माझें’ मात्र दिसतें. माझा पेला, माझी चादर, माझी मोटार, माझी आई, अशा वस्तूंच्या व माणसांच्या कुंपणानें तें आपल्या नव्या ‘मी’ची हद्द आंखीत असतें.

लॉरा लेव्हाइन या अमेरिकन संशोधिकेनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोन वर्षांच्या मुलग्यांना जोडीजोडीनें खेळावयास सोडून पाहिलें. ज्यांना स्वतःची जाणीव अधिक स्पष्ट झालेली होती, तेच खेळण्यांवर ‘माझें’ म्हणून अधिक हक्क सांगत होते. म्हणजे ज्याला आपण स्वार्थ म्हणून दटावतों, तो पुष्कळ वेळां बुद्धीच्या वाढीचाच एक टप्पा असतो. दांत येतांना हिरड्या दुखतात. ‘मी’ येतांना भांडणें होतात. हिरड्या दुखतात म्हणून आपण मुलाला हावरट म्हणत नाहीं.

दुसरीही एक गोष्ट आहे. दोन वर्षांचीं मुलें एकत्र खेळतात असें आपण म्हणतों, तें बव्हंशीं आपल्या डोळ्यांचें समाधान असतें. मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील बालशाळेंत केलेलीं निरीक्षणें १९३२ सालीं प्रसिद्ध झालीं. लहान मुलें शेजारीं शेजारीं बसून, सारखींच खेळणीं घेऊन, पण आपापला वेगळा खेळ खेळत असतात, हें त्यांनीं टिपून ठेविलें व त्यास समांतर खेळ असें नांव दिलें. एकमेकांशीं बेत ठरवून, कामें वांटून घेऊन खेळणें हें त्यापुढच्या वयाचें आहे. दोन वर्षांच्या मुलाला शेजारच्या मुलाचा खेळ दिसतो. त्याचें मन दिसत नाहीं. दुसऱ्याच्या हातांत घोडा दौडत असतो म्हणून तो हवासा वाटतो. खालीं पडलेली बाहुली कांहींच करीत नसते.

आणि तिसरी गोष्ट काळाची. “थोड्या वेळानें परत देईल हो तो,” असें आपण सांगतों. ‘थोडा वेळ’ म्हणजे काय, हें ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या दृष्टीनें हातांतून गेलेली वस्तु कायमची गेली. मोठ्या माणसाला कोणी येऊन म्हणेल, “तुमचें घर जरा या पाहुण्यांना द्या, केव्हां तरी परत मिळेल,” तर तो काय करील, याचा विचार करावा म्हणजे त्या आक्रोशाचा अर्थ कळतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आईनें मुलाच्या हातांतून मोटार ओढून घेतली व दुसऱ्याला दिली, तेव्हां मूल काय शिकलें? दुसऱ्याच्या हातांतलें हिसकावूं नये, असें आपण त्याला सांगत होतों; आणि तें सांगतां सांगतां आपण त्याच्या हातांतलें हिसकावलें. शब्द त्याला फारसे कळत नाहींत. कृति पुरेपूर कळते. मोठा हात लहान हातांतून वस्तु काढून नेऊं शकतो, हा तो धडा. उद्यां घरांत त्याच्याहून लहान मूल आलें कीं हा धडा तें बिनचूक म्हणून दाखवील. आणि ज्या मुलाला मोटार मिळाली तेंही एक गोष्ट शिकलें. मोठ्यानें रडलें म्हणजे मिळतें, ही ती गोष्ट.

आपल्या परंपरेला देण्याचें मर्म नवीन नाहीं. धर्मशास्त्रकारांनीं दानाचा विचार करतांना देणाराचें स्वत्व आधीं गृहीत धरिलें आहे. जी वस्तु आपली नाहीं, तिचें दान आपल्या हातून होत नाहीं. होमांत आहुति टाकून ‘न मम’ म्हणणाऱ्या यजमानाची ती आहुति क्षणापूर्वीं त्याची स्वतःची असावीच लागते. दूर कशाला, त्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवांतलें वाण पाहा. ‘वाण लुटलें’ असें आपण म्हणतों खरें, पण कोणी कोणाच्या फडताळांत हात घालून वाट्या उचलून नेत नाहीं. गृहिणी आपण होऊन निवडते, आपल्या हातानें देते, आणि देतांना तिचें मन मोठें होतें. बाहेर स्वखुषीनें वाण लुटणें चाललें असतां आंतल्या खोलींत मुलाच्या खेळण्यांची मात्र जप्ती व्हावी, हें विसंगत नव्हे काय?

या प्रश्नावर शास्त्रीय प्रयोगही झाले आहेत. नादिया चेर्न्याक व तमार कुश्नीर या दोघींनीं २०१३ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन-चार वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुलें दाखविलें. कांहीं मुलांना चिकटचित्र त्याला द्यावयाचें कीं आपणांस ठेवावयाचें, हें ठरविण्याची मोकळीक होती. इतर कांहींना तें द्यावेंच लागेल, असें सांगितलें होतें. नंतर दुसरें बाहुलें आलें तेव्हां, ज्यांनीं पहिल्यानें आपल्या मनानें दिलें होतें, त्यांनीं पुन्हां अधिक मोकळ्या हातानें दिलें. सक्तीनें दिलेलें तेवढ्यापुरतेंच राहिलें.

असें असलें तरी, मुलांना भांडूं द्यावें आणि आपण तटस्थ बसावें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. नियम हवा, तो मुलाच्या वयाला झेपणारा हवा. असा नियम बालशिक्षणाच्या जाणत्यांनीं फार पूर्वींच घालून दिला आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत एक गोष्ट प्रथम पाहणाराला विचित्र वाटते. वर्गांत मुलें पुष्कळ, पण प्रत्येक साधनाचा नग एकच. ज्यानें तें मांडणीवरून उचललें, त्याचें काम संपेपर्यंत तें त्याचें. दुसऱ्यानें पाहावें, पण हात लावूं नये. काम संपलें कीं पहिल्यानें तें परत जागेवर ठेवावयाचें. मग दुसऱ्याची पाळी. यांत उपदेश नाहीं, हिसकावणें नाहीं आणि बाईंनीं न्यायाधीश होण्याची गरजही नाहीं. आज माझ्या कामाला कोणी धक्का लावला नाहीं, म्हणून उद्यां मी दुसऱ्याच्या कामाला धक्का लावूं नये, हें मूल रोज अनुभवतें. थांबावयास तें अशा रीतीनें शिकतें. १९३९ सालीं त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यार येथें आल्या व युद्धामुळें त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला.

त्यांच्या येण्यापूर्वींच हे विचार आपल्याकडे रुजूं लागले होते. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढिलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक तेथें दाखल झाल्या. १९३६ सालीं त्यांनीं दादरला शिशुविहार सुरू केलें. मीरा रोडवरून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग पालघर, डहाणू करीत घोलवडला पोहोंचतो. त्या घोलवडजवळच्या बोर्डी गांवीं ताराबाईंनीं १९४५ सालीं खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. शहरांतील महाग साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. म्हणून या दोघींनीं शिंपले, बिया, पानें, फुलें, खडे व माती यांचींच साधनें केलीं.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें यांत फार मोठी सोय आहे. ज्याचा नग एकच आहे, तेथें पाळीचा नियम. आणि जें टोपलीभर आहे, तेथें भांडणाला कारणच उरत नाहीं. बोरन्हाणांतल्या बोरांचें रहस्य तेंच. आपल्या घरांत मात्र बहुधा उलट असतें. महाग, एकुलतीं एक खेळणीं खोलीभर, आणि टोपलीभर असें कांहींच नाहीं. कणकेचे गोळे, स्टीलच्या वाट्या, मोठीं झांकणें, जुन्या साडीचे तुकडे, लांकडाचे ठोकळे असा पुष्कळसा माल एका टोपल्यांत भरून ठेवावा. दोन मुलें एकत्र यावयाचीं असतील त्या वेळीं तो पुढें करावा. येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य देतों. तीन वर्षांखालील मुलांच्या हातीं चिंचोके, मणी, बारीक शंख-शिंपले देऊं नयेत. बोरन्हाणांतही शेंगदाणे, कडक गोळ्या व आठळीसकट बोरें या वयाच्या मुलाच्या तोंडांत जाऊं देऊं नयेत. तीं श्वासनलिकेंत अडकून प्राणावर बेततें.

आतां प्रत्यक्ष प्रसंगीं काय करावें, तें क्रमानें सांगतों.

पाहुणे येण्यापूर्वीं मुलाला बरोबर घेऊन त्याच्या जिवाभावाच्या दोन वस्तू कपाटांत ठेवाव्या. “ही तुझी मोटार. ही आज कोणाला द्यावयाची नाहीं. बाकीच्यांशीं सगळे खेळतील.” ज्याची मोटार सुरक्षित आहे, तें मूल उरलेल्या खेळण्यांच्या बाबतींत बरेंच उदार होतें, असा अनुभव घेऊन पाहावा. यांत कंजूषपणा शिकविला जातो, ही भीति व्यर्थ आहे. मोठीं माणसेंही आपलें पैठणीचें लुगडें शेजारीं धाडीत नाहींत.

भांडण सुरू झालेंच, तर लांबून ओरडूं नये. जवळ जाऊन खालीं बसावें, डोळ्यांच्या पातळीवर यावें, आणि दोघांच्या हातांतली वस्तु आपल्या हातानें नुसती स्थिर धरावी. काढून घेऊं नये. मग जें दिसतें तें सांगावें. “घोडा हिच्या हातांत आहे. तुलाही हवा आहे. तिचें झालें कीं तुझी पाळी.” रडणाऱ्याला जवळ घ्यावें. थांबणें त्याला जड जात आहे. त्या वेळीं त्याला उपदेशापेक्षां मांडी अधिक उपयोगी पडते. घड्याळाचा कांटा या वयांत कळत नाहीं. म्हणून काळ मोजावयास दिसणारें माप द्यावें. घोड्याच्या खोलीभोवतीं तीन फेऱ्या, किंवा आजीचे दहा अंक मोजून होईपर्यंत. आणि पहिल्यानें घोडा सोडला म्हणजे तो दुसऱ्याला त्याच्याच हातून देववावा. आपण मध्यस्थ होऊं नये. देण्याचा आनंद देणाराच्या हाताला लागला पाहिजे.

मारणें व चावणें मात्र त्याच क्षणीं थांबवावें. हात धरावा, “चावावयाचें नाहीं, दुखतें” एवढेंच निश्चयानें म्हणावें, आणि आधीं ज्याला लागलें त्याच्याकडे पाहावें. उलट चावून ‘कसें लागतें तें दाखविणें’ हा कांहीं घरांतला जुना उपाय मुलाला चावणेंच शिकवितो. शब्द अपुरे पडतात तेव्हां मूल दांत वापरतें. ‘दे’, ‘माझी पाळी’, ‘नको’ हे तीन शब्द त्याला जितके लवकर येतील, तितके दांतांचे प्रसंग कमी होतात.

आणि शेवटचा उपाय सर्वांत सुखाचा. मुलांना एकत्र काम द्यावें. जर्मनींतील काटरिना हामान व मायकेल टोमासेलो यांनीं सहकाऱ्यांसह २०११ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या दोन मुलांनीं मिळून दोऱ्या ओढल्या म्हणजे गोट्या घरंगळत येत. पण एकाला तीन येत व दुसऱ्याला एक. दोघांनीं मिळून ओढल्या असतां, जास्त मिळालेलें मूल पुष्कळदां आपण होऊन एक गोटी दुसऱ्याला देई. आयत्या मिळाल्या असतां तसें क्वचितच करी. आपल्या घरांत अशा दोऱ्या पुष्कळ आहेत. दोघांनीं मिळून मटार सोलावे, एका परातींतल्या कणकेला दोघांचे हात लागावे, एकच चादर दोन टोंकांनीं धरून घडी घालावी. भातुकलीचें महत्त्वही येथेंच आहे. तिच्यांत कोणी भात रांधतें, कोणी जेवावयास येतें. एकट्यानें ती रंगत नाहीं.

हें सर्व एकत्र कुटुंबांत सोपेंही आहे आणि कठीणही. सोपें यासाठीं कीं, तेथें मांडी देणारीं माणसें पुष्कळ. कठीण यासाठीं कीं, न्याय देणारींही पुष्कळ. आजी एक सांगते, आई दुसरें, आणि काकू गप्प राहून तिसरेंच मनांत ठेविते. मुलांचें भांडण पांच मिनिटांत विरतें, पण “त्यांचा मुलगा नेहमींच ओरबाडतो”, “आमच्याच मुलाला दर वेळीं द्यावें लागतें”, असें जावा-जावांच्या मनांत साचत जातें. उद्यां दोन बिऱ्हाडें वेगळीं होतात तेव्हां कारण भलतेंच सांगितलें जातें. तळाशीं असा एखादा लाकडी घोडा असतो. म्हणून मुलें झोंपल्यावर घरांतील वडील माणसांनीं एकदां एकत्र बसून नियम ठरवावा. ज्याच्या हातांत आहे त्याचें होईपर्यंत त्याचें. मग दुसऱ्याची पाळी. हिसकावणें कोणींच नाहीं, मोठ्यांनींही नाहीं. तो नियम कोणीही सांगितला तरी त्याच शब्दांत सांगावा, आणि प्रसंगीं जो जवळ असेल त्यानेंच निवाडा करावा. इतरांनीं मध्यें पडूं नये.

या नियमाची खरी कसोटी घरांतल्या मोठ्या मुलीच्या बाबतींत लागते. “तूं ताई ना? मग दे त्याला,” हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? ताई कधीं कधीं तीनच वर्षांची असते. तिचा पेला, तिची बाहुली, तिचें चित्र रंगवितां रंगवितां अर्धें राहिलेलें, सारें तिनें द्यावयाचें. कारण ती मोठी, आणि पुष्कळदां न बोललेलें कारण असें कीं, ती मुलगी. चार-पांच वर्षांत ती इतकी शहाणी होते कीं मागण्यापूर्वींच देऊन टाकते, आणि आपण पाहुण्यांपुढें तिचें कौतुक करतों. तें औदार्य नव्हे. आपलें असें कांहीं राहतच नाहीं, हें तिनें ओळखलेलें असतें. पुढें हीच मुलगी ताटांतलें शेवटचें दुसऱ्याला वाढील, आपल्या शिक्षणाची, आपल्या विश्रांतीची, आपल्या दुखण्याची पाळी मागणार नाहीं, आणि आपण त्याला तिचा स्वभाव म्हणूं. ज्या घराला आपल्या मुलीनें मोठ्या मनाची व्हावी असें वाटतें, त्या घरानें तिच्या बाहुलीवरचा तिचा हक्क आधीं राखिला पाहिजे. धाकट्यालाही त्यांत लाभच आहे. “ताईचें झालें कीं मग तुझी पाळी,” हें ज्या मुलाला दुसऱ्या वर्षीं ऐकावें लागतें, त्याला विसाव्या वर्षीं तें नव्यानें शिकावें लागत नाहीं.

आईबापांनीं उतावीळ मात्र होऊं नये. दुसऱ्या वर्षीं भांडण हाच नियम आहे व समजूत हा अपवाद. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मुलाला आपल्याप्रमाणें दुसऱ्याचेंही ‘माझें’ असतें, याची जाण येऊं लागते. बाहेरचें कोणी ताईची टोपी घेऊं लागलें तर तें ‘ताईची आहे’ म्हणून आडवें येतें. हें वाक्य ज्या दिवशीं कानीं पडेल, तो दिवस वाढदिवसाइतकाच मोलाचा समजावा. चौथ्या-पांचव्या वर्षीं पाळी, राज्य घेणें, सुटणें हे खेळांचे नियम मुलें आपण होऊन पाळूं लागतात.

आणि मग आणखी कांहीं दिवसांनीं, जिन्याच्या पायरीवर बसलेलीं दोन मुलें दिसतात. दोघांत पेरू एकच असतो. एक जण सदऱ्याचें टोंक त्याच्यावर घालतो आणि चिमणीच्या दांतांनीं त्याचे दोन तुकडे करतो. थोडा मोठा तुकडा कोणता, तें दोघेही पाहतात; आणि जवळ कोणी मोठें माणूस नसतांना तो मोठा तुकडा पुष्कळदां दुसऱ्याच्या हातावर ठेविला जातो. त्या वयाला पोहोंचेपर्यंत ज्याचें ‘माझें’ घरांतल्यांनीं सांभाळलें असेल, त्याला ‘आपलें’ म्हणणें जड जात नाहीं.